नोंद आणि नियम



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात तत्त्वज्ञानापासून अर्थकारणापर्यंत नाना विषयांची चर्चा होते. त्या मानाने माझा आजचा विषय आपणांस रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि या विषयाशी आपला प्रत्येकाचा संबंध रोज येतो. कचेरीत, बँकेत किंवा इस्पितळाच्या खिडकीशी उभे असताना ‘संगणक घेत नाही हो!’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. आपण नाव सांगतो, तारीख सांगतो; पलीकडचा कारकून ती यंत्रात भरतो; आणि यंत्र नकार देते. नकाराचे कारण कारकुनाला ठाऊक नसते, आपल्याला तर नसतेच. वास्तविक यंत्राला स्वतःची आवडनिवड काही नसते. कोणा माणसाने केव्हातरी एक नियम लिहून ठेवलेला असतो आणि यंत्र तो पाळीत असते. हा नियम कोठे लिहिलेला असतो, तो वाचता येतो काय, आणि वाचल्यावर त्याच्यावर कितपत विसंबावे, एवढ्या तीनच प्रश्नांचा विचार मला आज करावयाचा आहे.

प्रथम आपल्या परिचयाची कागदी नोंदवही डोळ्यांपुढे आणू. एखाद्या नगरवाचनालयाचे सभासदांचे रजिस्टर घ्या. उभे रकाने, आडव्या ओळी. सभासद क्रमांक, नाव, जन्मतारीख, अनामत रक्कम. कागद मोठा सोशिक असतो. जन्मतारखेच्या रकान्यात कोणी ‘मंगळवार’ असे लिहिले, तरी कागद तक्रार करीत नाही. तक्रार करतो तो तेथला जुना हेडक्लार्क. कोणता रकाना रिकामा सोडायचा नाही, कोणता क्रमांक दोघांना द्यायचा नाही, हे सारे त्याच्या डोक्यात असते; आणि तो सेवानिवृत्त झाला, की नियमही त्याच्याबरोबर घरी जातात.

संगणकातील रिलेशनल डेटाबेस म्हणजे अशाच कोष्टकांचा संग्रह होय. फरक हा, की येथे रकान्यांवर बंधने घालता येतात आणि ती पाळवून घेण्याचे काम यंत्र स्वतः करते. ही बंधने मुख्यतः पाच प्रकारची असतात. पहिले, रकान्यात कोणत्या जातीची माहिती येईल, म्हणजे आकडा, तारीख की अक्षरे, आणि अक्षरे असल्यास किती. दुसरे, रकाना रिकामा चालेल की नाही. तिसरे, तीच नोंद दोनदा चालेल की नाही. सभासद क्रमांक दोघांचा एक असून चालत नाही, हे उघड आहे. चौथे, या कोष्टकातील नोंद दुसऱ्या कोष्टकात असलीच पाहिजे काय. जो सभासदच नाही, त्याच्या नावावर पुस्तक देता येऊ नये. आणि पाचवे, एखादी विशेष अट. उदाहरणार्थ, अनामत रक्कम शून्याहून अधिक असावी.

आता ही बंधने ठेवायची कोठे? संगणकाच्या आरंभीच्या काळात ती बहुधा निरनिराळ्या प्रोग्रॅममध्ये विखुरलेली असत. एका प्रोग्रॅमने पाळलेला नियम दुसऱ्याने पाळलाच पाहिजे असे नव्हते. म्हणजे हेडक्लार्कच्या डोक्यातून निघालेला नियम प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसला. वाचणाऱ्याला तो पूर्वी दिसत नव्हता, तसा आताही दिसेना. १९७० साली आय. बी. एम. या कंपनीतील एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला आणि माहिती कोष्टकांच्या रूपाने कशी मांडावी याचा गणिती पाया घातला. पुढे १९८१ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. १९८५ साली, खऱ्या रिलेशनल डेटाबेसची कसोटी म्हणून, त्यांनी काही नियम सांगितले. ते ‘बारा नियम’ म्हणून ओळखले जातात. मात्र मोजणी शून्यापासून असल्यामुळे प्रत्यक्षात ते तेरा भरतात!

त्यांपैकी दोन नियम आपल्या कामाचे आहेत. दहावा नियम सांगतो, की बंधने प्रोग्रॅममध्ये न ठेवता डेटाबेसच्या स्वतःच्या सूचीत नोंदवता आली पाहिजेत. आणि चौथा नियम सांगतो, की ही सूचीदेखील साध्या कोष्टकांच्याच रूपात असली पाहिजे. म्हणजे अधिकार असलेल्या माणसाला ज्या भाषेत माहिती विचारता येते, त्याच भाषेत माहितीविषयीची माहितीही विचारता येईल. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व लक्षात घ्या. ज्या वहीत सभासदांची नोंद, त्याच पद्धतीच्या वहीत नियमांचीही नोंद! नियम वाचण्यासाठी निराळी लिपी शिकायला नको आणि कोणा जाणकाराचे पाय धरायला नकोत.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे आले, ते पाहू. डेटाबेसशी बोलण्याची जी एस. क्यू. एल. नावाची भाषा आहे, तिच्या १९९२ च्या प्रमाणित आवृत्तीत ‘इन्फर्मेशन स्कीमा’ या नावाची एक योजना आली. ही योजना म्हणजे काही ‘व्ह्यूं’चा समूह. व्ह्यू हा भिंतीतल्या झरोक्यासारखा असतो. आत डेटाबेसच्या स्वतःच्या गुंतागुंतीच्या नोंदी असतात. बाहेरच्या माणसाला त्या सुटसुटीत कोष्टकासारख्या दिसतात. ‘कॉलम्स’ नावाच्या झरोक्यातून पाहिले, की प्रत्येक रकान्याचे नाव, त्याची जात, अक्षरांची मर्यादा आणि तो रिकामा चालतो की नाही याचे ‘यस’ किंवा ‘नो’ असे उत्तर मिळते. ‘टेबल कन्स्ट्रेंट्स’मध्ये कोष्टकावरील बंधनांची नावे आणि प्रकार दिसतात. ‘की कॉलम यूसेज’वरून कोणते बंधन कोणत्या रकान्यावर आहे ते कळते. ‘चेक कन्स्ट्रेंट्स’मध्ये विशेष अटीचे शब्द वाचता येतात. ‘रेफरेन्शियल कन्स्ट्रेंट्स’मध्ये तर, मूळ नोंद काढून टाकली असता तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदींचे काय व्हावे, हेही लिहिलेले असते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांत ही योजना आहे. ऑरॅकलने मात्र आपली जुनीच वाट ठेवली आहे. तेथे ‘यूजर कन्स्ट्रेंट्स’, ‘ऑल कन्स्ट्रेंट्स’ अशा नावांचे व्ह्यू असतात.

येथे नावाविषयी एक शब्द सांगितला पाहिजे. यंत्र जेव्हा नोंद नाकारते, तेव्हा ते बहुधा मोडलेल्या बंधनाचे नाव सांगते. बंधन घालणाऱ्याने ‘अनामत शून्याहून अधिक’ असे नाव दिले असेल, तर कारकुनाला तेथल्या तेथे उलगडा होतो. परंतु नाव न देण्याचा आळस केला, तर यंत्र आपल्या मनाने नाव ठेवते. ऑरॅकलमध्ये ते नाव म्हणजे काही ठरीव अक्षरे आणि पुढे आकड्यांची माळ. तरीही निराश होण्याचे कारण नाही. ती माळ घेऊन व्ह्यूमध्ये विचारले, की अटीचे शब्द समोर येतात. ‘संगणक घेत नाही’ या उत्तरापुढे जाण्याचा मार्ग आहे, तो हा.

परंतु श्रोतेहो, नियम वाचता आला म्हणजे तो समजला असे होत नाही. येथे काही सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की एक बंधन एकटे वाचू नये. ‘अनामत शून्याहून अधिक’ अशी अट असताना रकाना रिकामाच सोडला, तर काय होईल? आपण म्हणू, यंत्र नाकारील. पण ते स्वीकारते! कारण अट खोटी ठरली तरच नोंद नाकारायची, असा या भाषेचा दंडक आहे; आणि रिकाम्या रकान्याविषयी अट खरी की खोटी हे सांगताच येत नाही. म्हणून रिकामेपणाची मनाई आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट, लिहिलेला नियम चालू आहे काय, हेही तपासावे. ऑरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांत बंधन काही काळ बंद ठेवता येते. पुष्कळ नोंदी एकदम भरावयाच्या असल्या, की हे करतात आणि कित्येकदा पुन्हा सुरू करावयाचे राहून जाते. शिवाय बंधन नव्या नोंदींना लागू करून जुन्या नोंदी न तपासता तशाच ठेवता येतात. पोस्टग्रेसमध्येही ही सोय आहे. मग नियम भिंतीवर दिसतो आणि त्याला न जुमानणाऱ्या जुन्या नोंदी वहीत सुखाने नांदतात. या अवस्थांची नोंद त्या त्या डेटाबेसच्या स्वतःच्या सूचीत असते. पोस्टग्रेसचा प्रमाणित झरोका मात्र ती दाखवीत नाही. मायएसक्यूएलची कथा तर अधिक बोधप्रद आहे. २०१९ साली ८.०.१६ ही आवृत्ती येईपर्यंत त्यात विशेष अट लिहिली, तर यंत्र ती निमूटपणे ऐकून घेई, चूक काढीत नसे आणि पुढे तिच्याकडे लक्षही देत नसे. लिहिणाऱ्याचा समज असा, की पहारा बसला. आणि दारावर कोणीच नाही! त्याने सूचीत पाहिले असते, तर ती अट तेथे नाही हे त्याला कळले असते. नियम लिहिल्यावर तो नोंदला गेला की नाही, हे पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

तिसरी गोष्ट अधिकाराची. हे झरोके सर्वांना सारखे दिसत नाहीत. ज्याला जेवढा अधिकार, तेवढेच त्याला दिसते. पोस्टग्रेसमध्ये केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या माणसाला ‘टेबल कन्स्ट्रेंट्स’मध्ये त्या कोष्टकाची बंधने दिसत नाहीत. त्यावरून ‘बंधनेच नाहीत’ असा निष्कर्ष काढणारा फसतो. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांतील भेद आपल्या तर्कशास्त्राने फार पूर्वीपासून शिकवला आहे. तो येथेही उपयोगी पडतो.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून या दिवशी जन्मलेली माणसे विलक्षण संख्येने आढळतात. याचे रहस्य आपण जाणताच. शाळा जूनमध्ये उघडत. प्रवेशाच्या वहीत जन्मतारखेचा रकाना भरणे भाग असे. आणि घरच्यांना विचारावे तर उत्तर येई, ‘पेरणीच्या दिवसांतला, दुष्काळाच्या आदल्या सालचा.’ गुरुजी तरी काय करणार? ते १ जून लिहून मोकळे होत. पुढे त्याच तारखेवर नोकरी ठरे आणि निवृत्तीही ठरे. यात कोणी खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. रकान्याने ‘ठाऊक नाही’ हे उत्तर घेतले नाही, म्हणून तेथे एक तारीख जन्माला आली!

उद्या एखादा अभ्यासक ही नोंद पाहून जूनमधील जन्मांविषयी सिद्धांत मांडू लागला, तर त्याला सांगावे लागेल, की बाबा रे, नोंद वाचण्याआधी नियम वाच. त्या रकान्यापुढे ‘रिकामा चालणार नाही’ असे दिसले, की आपण सावध झाले पाहिजे. कॉड यांच्या तिसऱ्या नियमात ‘ठाऊक नाही’ या उत्तराला माहितीत रीतसर जागा दिलेली आहे. ती जागा देणे, किंवा तारखेशेजारी ‘ही अंदाजे आहे’ असे सांगणारा आणखी एक रकाना ठेवणे, हे अवघड काम नाही. मात्र नियम करणाऱ्याला तसे सुचले पाहिजे. आणि न सुचल्यास नियम वाचणाऱ्याने ते त्याच्या नजरेस आणले पाहिजे.

यंत्राची सूची आपल्याला नियम कोणता ते सांगेल. तो चालू आहे की बंद, तेही बहुधा सांगेल. तो न्याय्य आहे काय, हे ती सांगू शकणार नाही. तो निवाडा माणसांचा आहे. परंतु जो नियम डोळ्यांना दिसतो, त्याच्याविषयीच वाद घालता येतो, आणि ज्याच्याविषयी वाद घालता येतो तोच सुधारता येतो. ज्या संस्था आपली नावे, वये आणि येणी-देणी नोंदवून ठेवतात, त्यांच्याकडे आपण नोंदीची नक्कल मागतो. तिच्याबरोबर त्या रकान्याचा नियमही विचारीत जावा, एवढीच माझी विनंती आहे. तो नियम सूचीत बहुधा असतो; विचारणारा मात्र हवा.