पौषातले ऊन आणि लग्नाचा फोटो



पौष महिना आपल्याकडे लग्नाला भाकड. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात, मार्गशीर्षात गावोगाव मांडव पडतात, आणि पौष लागला की वाजंत्रीवाले घरी बसतात. पण फोटोला कुठे मुहूर्त लागतो? माघात लग्न असेल, तर पौषातच एका दिवशी नवरा-नवरीला उघड्यावर नेऊन त्यांचे फोटो काढून घ्यावेत, असे माझे मत आहे. ऊन स्वच्छ असते, पावसाची धास्ती नसते, फोटोवालाही मोकळा सापडतो आणि भावाला नरम असतो.

लग्नाआधीचे फोटो म्हणजे शहरातले नवे खूळ, असे म्हणणारी मंडळी ऐकणाऱ्यांत असतीलच. मीही त्यांतलाच होतो. मी शाळामास्तर, कॅमेऱ्याचा नाद आहे, एवढेच. गेल्या पौषात बहिणीच्या मुलीचा फोन आला. "मामा, फोटो येरवड्यालाच काढायचे, आगाखान पॅलेसपुढं. किती वाजता येऊ?" ती शिरूरकडची, होणारे जावई पुण्यात नोकरीला. मी म्हटले, "घड्याळ राहू दे, पोरी. आधी अंगणात एक काठी रोव."

ही काठीची गोष्ट शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम ऐकावी, कारण ती वर्गातही चालेल. एक मीटरची सरळ काठी जमिनीत उभी करा. २१-२२ डिसेंबरला पुण्याच्या आसपास सूर्य ऐन डोक्यावर यायला हवा तो दुपारी साडेबाराच्या सुमारास. पण तो डोक्यावर येतच नाही. दक्षिणेकडे कललेला राहतो, आणि काठीची सावली नव्वद सेंटिमीटर पडते. सव्वाचार वाजता तीच सावली काठीच्या अडीचपट होते, पाच वाजता साडेचारपट. सहा वाजून तीन-चार मिनिटांनी सूर्य मावळतो. म्हणजे अवघा अकरा तासांचा दिवस, आणि त्यातला फोटोच्या कामाचा वेळ सकाळी तासभर आणि संध्याकाळी तास-दीड तास. सावली काठीच्या दुप्पट झाल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हा माझा नियम.

दुपारी काय बिघडते? एका पुतण्याचे फोटो मी भर दुपारी बाराला काढले होते. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे, फेट्याची सावली थेट नाकापर्यंत, आणि जर इतकी चमकली की पैठणीचा रंगच कळेना. आपल्या सावळ्या चेहऱ्यांना तिरपे, मऊ ऊन हवे. एका गालावर ऊन पडले की दुसऱ्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर ताणून धरावी. तिच्यावरून परतलेला उजेड चेहऱ्याची दुसरी बाजू उजळतो. त्याला महागडे यंत्र लागत नाही. धुतलेले धोतरसुद्धा चालते.

मग सकाळच का नको? सूर्य सातनंतर उगवतो, नदीकाठी धुके असते, ते छान दिसतेही. पण थंडीत चुलींचा नि गाड्यांचा धूर खालीच कोंडून राहतो, गवतावर दव असते आणि शालूचा काठ पाच मिनिटांत भिजतो. शिवाय शिरूरहून येणाऱ्यांनी मग निघायचे तरी किती वाजता? आम्ही संध्याकाळ धरली.

आधी चार दिवस मी एकटाच येरवड्याला जाऊन आलो. हे फार महत्त्वाचे, बरं का. ज्या वेळी फोटो काढायचे, त्याच वेळी त्या जागी जाऊन उभे राहावे. ऊन कुठून येते ते बघावे, पाणी कुठे मिळेल ते बघावे, आणि मुख्य म्हणजे मुलीने साडी कुठे बदलायची ते ठरवावे. हा प्रश्न पुरुषांच्या ध्यानातच येत नाही. आम्ही जवळच राहणाऱ्या एका ओळखीच्या घरी सोय केली.

आगाखान पॅलेस हे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे. तिकीट काढून कुणीही आत जावे. पण तिवई मांडून धंद्याचे छायाचित्रण करायचे, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ऐनवेळी फाटकावर हुज्जत घालून उपयोग नाही. लोहगावचा विमानतळ जवळ असल्यामुळे ड्रोन उडवण्याचा मोहही आवरावा. तेव्हा आम्ही ठरवले, की वाडा सर्वांनी पाहायचा आणि फोटो नदीकडे काढायचे, जुन्या दगडी पुलाच्या बाजूला. तो पूल १८६७ सालचा. थंडीत सूर्य नैर्ऋत्येकडे, नदीच्या वरच्या अंगाला मावळतो आणि पाणी सोन्यासारखे होते. नदीला वास येतो, कधी जलपर्णीही असते. पण फोटोत वास येत नाही!

ठरल्या दिवशी मंडळी आली. मुलीची आजीही आली होती, माझ्या बहिणीच्या सासूबाई. त्यांचे लग्न १९७२च्या दुष्काळातले. मांडवात गूळपाणी, आणि आठव्या दिवशी नवरा-नवरी दोघेही खडी फोडायला. फोटोचे नावच नको. वाड्याच्या कमानी पाहून त्या म्हणाल्या, "केवढ्या पैशावाल्याचं घर हो हे!" मी सांगितले, "आजी, हा वाडा १८९२ साली बांधला. आसपासच्या गावांत दुष्काळ होता, लोकांच्या हातांना काम मिळावं म्हणून आगाखानांनी हे बांधकाम काढलं." आजी थांबल्या. "म्हंजी आमच्यावानीच माणसं," एवढेच म्हणाल्या आणि खांबावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या.

पुढे समाध्यांपाशी गेलो. महादेवभाई देसाई इथे १५ ऑगस्ट १९४२ला गेले, अटक होऊन आठवडाही झाला नव्हता. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला. गांधीजींशी त्यांचा संसार साठ वर्षांहून अधिक झाला आणि तो या वाड्यात, बंदिवासात संपला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप दिला. मी हे सांगत होतो तेवढ्यात आमच्याबरोबरच्या फोटोवाल्या पोराने गळ्यातला कॅमेरा हातात घेतला. जागा शांत, फुले होती, ऊन झाडांतून येत होते. खरे सांगतो, फोटो सुंदर आला असता. पण मुलीनेच त्याला हाताने थांबवले. "इथं नको," म्हणाली. जावईबुवांनी चपला काढून नमस्कार केला. माझ्या मनात आलेला उपदेश मी गिळून टाकला.

नदीवर पोचायला पावणेपाच झाले. चादर धरायला मुलीचा धाकटा भाऊ. पन्नासेक फोटो झाले, तोवर पावणेसहा. गार वारा सुटला, मुलीच्या हातांवर काटा उभा राहिला. शेवटी ती म्हणाली, "आता आजीचा." आजी तयार होईनात. "माझा कशाला? मी काय नवरी हाय?" नाही-नाही म्हणता उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे न बघता नातीकडेच बघत राहिल्या. त्या उजेडात तीनच फोटो निघाले. मधला चांगला आहे. तो मोठा करून आता त्यांच्या घरी ओसरीवर लावला आहे. त्याला हार घालू नका, असे आजींनी सर्वांना बजावून ठेवले आहे.

तुम्ही निघाल तेव्हा पिना, सुईदोरा, पाण्याची बाटली आणि दोन शाली बरोबर घ्या. फोटोवाल्याशी पैसे आणि फोटोंची संख्या आधी ठरवा. आणि परतीची शेवटची एस. टी. किती वाजता आहे, ते सकाळीच विचारून ठेवा. आम्ही विचारले नव्हते.