न्यूट्रिनो आणि विजेचा कर्णा



वर्गात मी एकदा सांगून बसलो की, न्यूट्रिनो या कणास विद्युत्‌भार नाही, म्हणून तो चुंबकाला दाद देत नाही. एका मुलीने विचारले, "मग सर, अमेरिकेत त्याचा झोत आठशे किलोमीटर दूर नेमका कसा सोडतात?" "उद्या सांगतो," म्हणालो. तो उद्या उजाडावयास तीन आठवडे लागले.

आपल्याकडे हा कण टिपला तो वाट पाहून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरांहून अधिक खोल, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा पकडल्या. त्याही मोजक्याच.

झोत हवा तर युक्ती निराळी. युरोपातील सर्न संस्थेत सायमन व्हॅन डर मीर यांनी ती १९६१ मध्ये काढली. न्यूट्रिनो वळत नाही ना? मग त्याच्या जनकाला वळवा! वेगवान प्रोटॉन ग्रॅफाइटवर आदळले की पायॉन चहूकडे उधळतात. पायॉनला भार असतो, आयुष्य मात्र क्षणाचे. त्याचा न्यूट्रिनो होतो तो बहुधा त्याच्याच वाटेने पुढे जातो. तेव्हा पायॉनांना त्याआधीच सरळ रांगेत आणावयाचे.

हे काम कर्णा करतो. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, एकीत दुसरी. आतली कर्ण्यासारखी पसरत गेलेली. वीज आतल्या नळीतून जाते, बाहेरच्या नळीतून परतते, आणि मधल्या पोकळीत चुंबकक्षेत्र गोलाकार फिरते. मधोमध सरळ जाणाऱ्या कणास त्याचा उपद्रव नाही. बाजूला भटकणारा कण पत्रा भेदून क्षेत्रात शिरतो व मध्याकडे लोटला जातो. म्हणून पत्रा पातळ हवा. आणि शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये त्याच पातळ पत्र्यातून सुमारे २,००,००० अँपिअर वीज जाते! आपल्या छताच्या पंख्यास अर्धा अँपिअरही लागत नाही. ही वीज अखंड सोडली तर धातू टिकावयाचा नाही. म्हणून प्रोटॉन येतील तेवढ्यापुरती, सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरती सोडतात, वर पाण्याचे फवारे मारतात. तरी दर ठोक्यास पत्र्याला हिसका बसतोच, आणि असे ठोके कोट्यवधी.

आपल्या भेस्तानात माग अडला तर कारागीर हात घालून दुरुस्त करतो. येथे ती सोय नाही. वापरलेला कर्णा किरणोत्सारी होतो. जाड भिंतीआडून, यारीने त्याला हलवावे लागते. मला तर गणितापेक्षा हेच अवघड वाटते.

हे सारे सांगून झाल्यावर त्या मुलीने पुन्हा विचारले, "वीज उलटी फिरवली तर?" या वेळी उत्तर तयार होते: मग उलट भाराचे पायॉन जमतात आणि प्रतिन्यूट्रिनोंचा झोत निघतो. फर्मीलॅबपासून ८१० किलोमीटरांवर नोव्हा प्रयोगात दोन्ही झोत ताडून पाहिले गेले. दिल्ली, हैदराबाद, कोचीन येथील विद्यापीठांचे संशोधकही त्यात आहेत. दोहोंच्या वागण्यात खरोखर फरक आहे का, याचा पक्का निकाल अजून लागलेला नाही. ती मुलगी यंदा बारावीला आहे.