आश्रयास आलेलें मूल आणि बिडीचा धूर



कर्त्या पुरुषानें आत्महत्या केली आणि मुलें मामाच्या अथवा काकाच्या घरीं वाढूं लागलीं, अशीं कुटुंबें आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पुसदपासून वणीपर्यंत आढळतात. दुसऱ्याचें लेकरूं सांभाळणें हें मोठें काम आहे. सरकारनेंही त्यासाठीं बालसंगोपन योजना चालविली असून २०२३ सालीं तिचें अनुदान दरमहा २,२५० रुपये केलें. परंतु अशा घरांतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ती म्हणजे घरधन्याची बिडी. शहरांत बिडीच्या जागीं सिगारेट असते, एवढाच काय तो भेद.

पोटचें मूल धुरानें खोकूं लागलें तर बापाशीं भांडतें, बिडीचा कट्टा लपवून ठेवतें. आश्रयास आलेलें मूल तसें करीत नाहीं. ज्याच्या घरचें अन्न खावयाचें त्यास "मामा, बाहेर ओढा" असें म्हणण्यास त्याची जीभ रेटत नाहीं. शिक्षक असतांना मीं अशा मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. पान उलटतांच बिडीचा वास येई. मूल मात्र त्याविषयीं अवाक्षर काढीत नसे.

धूर ओढणाऱ्यासच काय तो बाधतो, या समजुतीस १९८१ सालीं मोठा धक्का बसला. जपानांतील डॉक्टर हिरायामा यांनीं स्वतः तंबाखू न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षें नोंद ठेविली होती. ज्यांचे पति फार ओढीत, त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु अधिक आढळले. मुलांची प्रकृति तर याहून नाजूक. त्यांच्या श्वासनळ्या अरुंद, श्वासाची गति मोठ्यांहून जलद. म्हणून दमा, फुप्फुसदाह, कान फुटणें हीं दुखणीं त्यांस लौकर जडतात. खिडकी उघडली, पंखा लावला, म्हणजे भागलें, असें पुष्कळ जण मानतात. तें खरें नाहीं. धुराचा अंश गोधडींत, कपड्यांत, भिंतींत मुरून राहतो. (खर्रा खाणाऱ्यांनीं आपला धूर होत नाहीं म्हणून हंसूं नये, त्यांचा समाचार पुन्हां केव्हां तरी!)

आतां कायदा पाहूं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमान्वयें मुलाच्या हातीं बिडी देणारास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यानें कचेऱ्यांसारख्या सार्वजनिक जागीं धूम्रपानास मनाई केली. पण त्याच मुलाच्या उशाशीं बसून रोज रात्रीं धूर सोडणारास त्या मनाईची बाधा नाहीं, कारण घर ही सार्वजनिक जागा नव्हे. मूल सोंपवितांना कुटुंबाची इच्छा, कुवत व पूर्वानुभव पाहावा, असें बाल न्याय कायद्याचें ४४ वें कलम सांगतें; धुराचें नांव त्यांत नाहीं.

इंग्लंडांतील पुष्कळ स्थानिक मंडळें ५ वर्षांखालील मूल धूम्रपान करणाऱ्याच्या घरीं सोंपवीत नाहींत. तो नियम येथें जसाच्या तसा आणावा, असें मी म्हणणार नाहीं. येथें मामाचें घर नाकारलें तर मुलास दुसरें घर बहुधा नसतेंच. म्हणून माझी मागणी लहान आहे. गृहभेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यानें घराची पाहणी करितांना एवढें विचारावें, कीं बिडी कोठें ओढतां? आणि मूल घरीं येण्यापूर्वींच कबूल करून घ्यावें, कीं ओढावयाची तर अंगणापलीकडे. सपरींत नव्हे, बंद मोटारींत तर मुळींच नव्हे. हा प्रश्न अहवालाच्या नमुन्यांतच छापलेला असला, तर विचारणारासही संकोच पडणार नाहीं. ज्यास बिडी सोडावयाचीच असेल, त्यास १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.