जुन्या एमजीबीचे पुढचे शॉकअप

जुन्या स्पोर्ट्स कार जपणाऱ्या आणि चालवणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद कायम रंगतो. पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजच्या बोलीत शॉकअप, कामातून गेले की मूळ पद्धतीचेच बसवायचे, की त्या निमित्तानं आजच्या गाड्यांसारखे नळीचे बसवून टाकायचे? सगळ्या गाड्यांना पुरेल असं उत्तर याला नाही, म्हणून आज एकाच गाडीबद्दल बोलतो. ती म्हणजे एमजीबी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली, आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांहून अधिक बनली. माझं म्हणणं असं, की एमजीबी रस्त्यावर चालवायची असेल तर तिचे मूळ पद्धतीचेच शॉकअप बसवावेत. मात्र ते मनापासून दुरुस्त केलेले असावेत आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. त्यामागचं कारण त्या गाडीच्या रचनेतच आहे.

पुष्कळ गाड्यांमध्ये शॉकअप हा वेगळा सुटा भाग असतो. चाकाला जागेवर धरतात ते दुसरेच दांडे. शॉकअप फक्त स्प्रिंगची उसळी मोडतो. खड्ड्यात गेलेली स्प्रिंग दबते, सुटते, पुन्हा दबते. तिच्यातली ती ताकद तेलाला बारीक वाटेतून ढकलण्यात खर्च करायची आणि तिची उष्णता करून टाकायची, एवढंच त्याचं काम. एमजीबीच्या पुढच्या बाजूला मात्र शॉकअपवर दोन कामं आहेत. इंजिनाखालून जो आडवा लोखंडी तुळईसारखा भाग जातो, त्याच्या दोन्ही टोकांवर एकेक ओतीव धातूची पेटी चार बोल्टांनी बसवलेली असते. पेटीतून एक शाफ्ट आरपार जातो आणि त्याच्या दोन टोकांना लावलेले दोन हात बाहेरच्या बाजूला जाऊन किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खिळीचं, वरचं टोक धरतात. चाक वरखाली झालं की हे हात हापशाच्या दांड्यासारखे हलतात, शाफ्ट फिरतो, पेटीतले दोन पिस्टन सरकतात आणि तेल व्हॉल्व्हमधून इकडचं तिकडे जातं. पण तेच दोन हात चाकाचा वरचा आधारही आहेत. ब्रेक दाबला, वळण घेतलं, की चाकावर येणारा जोर त्यांच्यातून शाफ्टवर आणि शाफ्टच्या बुशवर येतो. मॉरिस मायनरची पुढची रचनाही याच जातीची, आणि आपल्याकडे १९५०च्या दशकात आलेली बेबी हिंदुस्तान याच मायनरवर आधारलेली होती. तेव्हा हा प्रकार हिंदुस्थानातल्या मेस्त्रींना अगदीच परका नव्हता.

ही दोन कामं एकत्र असल्यामुळे बिघाडही दोन प्रकारचे होतात, आणि घोळ तिथंच होतो. तेल गळून पेटी रिकामी झाली तर गाडी उसळत राहते. हे कुणालाही कळतं. पण शाफ्टचं बुश झिजलं तर तेल काठोकाठ असूनही चाकाचं वरचं टोक आतबाहेर डुगडुगतं, ब्रेक मारल्यावर गाडी ओढते, टायर एका अंगानं खातो, आणि सैल शाफ्टमुळे नवं सीलसुद्धा टिकत नाही. मडगार्डवर जोर देऊन गाडी किती वेळा हलते ते मोजायची पद्धत इथं फसवी ठरते. किंगपिनला वेळेवर ग्रीस मिळालं नसेल तर सांधा इतका आखडलेला असतो की रिकामा शॉकअपही चांगला वाटतो. त्यापेक्षा स्प्रिंगच्या खालच्या ताटलीखाली जॅक लावून चाक थोडं उचलावं, एकानं ब्रेक दाबून धरावा म्हणजे बेअरिंगची ढील बाजूला पडते, आणि दुसऱ्यानं चाक वर आणि खाली धरून हलवत नजर शाफ्टवर ठेवावी. शाफ्ट पेटीत हलताना दिसला तर दोष तिथं. हात स्थिर राहून खालचं काही हललं तर किंगपिन किंवा रबरी बुश. पाणी कुठे मुरतंय हे कळल्याशिवाय शॉकअपला हात लावण्यात अर्थ नाही.

आता नळीच्या शॉकअपचा आग्रह धरणारे म्हणतात, की तंत्र पुढे गेलं आहे. नळीत तेल जास्त मावतं, ते कमी तापतं, आणि कडकपणा कमीजास्त करता येतो. यातला एकही मुद्दा खोटा नाही. पण एमजीबीला बसवायच्या स्वस्त संचांत प्रत्यक्षात काय होतं ते बघा. जुनी पेटी काढताच येत नाही, कारण चाकाचा वरचा आधार तीच आहे. म्हणून तिचे व्हॉल्व्ह काढून तिला नुसता सांधा म्हणून ठेवतात आणि शेजारी ब्रॅकेट लावून नळी जोडतात. म्हणजे झिजलेलं बुश होतं तिथंच राहिलं. पैसे गेले, वजन वाढलं आणि मूळ दुखणं तसंच! सगळा वरचा भाग बदलून नवा तयार हात देणारे महागडे संचही मिळतात आणि तेच खरे पर्याय आहेत. शर्यतीच्या ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारणाऱ्यानं ते जरूर घ्यावेत. तिथं पेटीतलं थोडकं तेल तापून पातळ होतं, हे मला मान्य आहे. घाटातून, शहरातून, आठवड्याला एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीचं तेल तितकं तापत नाही.

शिवाय एमजीबीच्या इतिहासातच एक मोठा पुरावा पडलेला आहे. १९७४मध्ये अमेरिकेतल्या नियमांसाठी तिला काळे रबरी बंपर लावले आणि गाडीची उंची वाढवली. वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली आणि तिच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. १९७६च्या सुधारणेत कारखान्यानं यावर उपाय केला तो अँटी-रोल बारचा, म्हणजे गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याचा: पुढचा जाड केला, मागे नवा दिला. शॉकअप हाताच्या पद्धतीचे होते ते १९८०पर्यंत तसेच राहिले. म्हणजे ज्या दोषासाठी आज लोक नळ्या विकत घेतात, तो पुष्कळदा शॉकअपचा नसतोच.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. दुरुस्त केलेले म्हणून विकले जाणारे शॉकअप भरवशाचे नसतात, असा तो आक्षेप. खरंच, काही ठिकाणी दुरुस्ती म्हणजे धुणं, काळा रंग आणि जाड तेल. जाड तेलानं सावकाश हलताना हात घट्ट वाटतो. पण खड्ड्याचा झटपट धक्का आला की तेल व्हॉल्व्हमधून वेळेत निघत नाही आणि तो धक्का थेट सांगाड्याला बसतो. गळती तर थांबत नाहीच. पण यावरचा उपाय पद्धत सोडणं नव्हे, माल पारखून घेणं आहे. शाफ्टचं बुश नवं घातलंय का, हे विचारावं. शॉकअप उभा व्हाइसमध्ये आवळून हात पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत फिरवावा. मध्येच एखाद्या ठिकाणी तो सैल पडला तर आत हवा आहे. तेल टाकत सावकाश वरखाली केल्यावरही ती सैल जागा गेली नाही, तर परत करावा. सुट्या भागांची या गाडीला ददात नाही. १९८८पासून तिचे अख्खे नवे सांगाडेसुद्धा बनवले गेले आहेत.

बसवायचं काम अवघड नाही, पण एका जागी जिवाशी गाठ आहे. पुढची स्प्रिंग वरच्या तुळईत आणि खालच्या ताटलीत दाबलेली असते, आणि तिला सुटू न देणारी वरची गोष्ट म्हणजे शॉकअपचेच हात. गाडी भक्कम स्टँडवर, आणि ताटलीखाली वेगळा जॅक. शॉकअप सुटा असेपर्यंत त्या जॅकला कुणी हात लावायचा नाही. मग वरच्या सांध्याचा बोल्ट काढायचा, हात फाकवायचे, आणि किंगपिनसकट सगळा भाग बाहेर झुकला की तो तारेनं वर बांधून ठेवायचा, नाहीतर त्याचं वजन ब्रेकच्या रबरी पाइपवर येतं. त्यानंतर ते चार बोल्ट. सांध्याचे रबरी बुश याच वेळी नवे घालावेत, कारण पुन्हा तिथवर पोचायचं तर हीच उलाढाल करावी लागते. दुसऱ्या बाजूलाही हेच सगळं त्याच दिवशी. एक अंग कडक आणि एक मऊ अशी गाडी ब्रेक लावताना सरळ राहत नाही. शेवटी पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं, आणि आठवडाभर चालवल्यावर पेटीचे बोल्ट आणि तेलाची पातळी पुन्हा बघावी.