‘ढ’ कोणास म्हणावे?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पारशिवनी येथे दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपण सर्वांनी पाहिला. नव्वद टक्क्यांच्या वरची मुलेमुली व्यासपीठावर आली, टाळ्या झाल्या, आईबापांचे डोळे पाणावले. त्या कौतुकात आम्हीही सहभागी आहोत. परंतु आम्हांस बोलावयाचे आहे ते मंडपात मागे बसलेल्या, किंवा लाजेपायी घरीच ठेवलेल्या मुलांविषयी. ही मुले शेतीचा हिशेब तोंडी सांगतात, बिघडलेला पंखा दुरुस्त करतात, ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द लावून परत सांगतात. पण पुस्तक पुढे ठेवले की गप्प होतात. त्यांना आपण एका अक्षरात निकालात काढतो: ‘ढ’.

ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बहुतेक अक्षरांची वळणे पालटली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात फरक पडत नाही त्या मुलास ‘ढ’ म्हणू लागले, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्या आधारे मुलाचे भवितव्य ठरविणे मात्र खोटे आहे.

इंग्लंडात १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नामक एका डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात कोणास हार जाणारा नव्हता, दृष्टीही चांगली; परंतु वाचता येईना. स्वतःचे ‘पर्सी’ हे नाव लिहितानाही अक्षरांची उलटापालट होई. त्याला अनेक वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकाचे म्हणणे डॉक्टराने नमूद करून ठेवले आहे. ते असे की, सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. एका शिक्षकाचे हे निरीक्षण आहे म्हणून आम्हांस त्याचा विशेष अभिमान वाटतो. आज या अवस्थेस डिस्लेक्सिया म्हणतात. २००७ साली ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचविली. चित्रपट पाहताना पुष्कळांनी डोळे पुसले, आणि घरी येऊन आपल्या मुलास त्याच कारणासाठी रागे भरले, हेही आमच्या पाहण्यात आहे.

अशा मुलाची अडचण नेमकी कोठे होते, हे आपल्याच लिपीत पाहावे. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण तिचा उच्चार नंतर. एकटा ‘र’ घ्या. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी जातो, ‘राष्ट्र’मध्ये त्याचे रूप आणखी निराळे आणि ‘वाऱ्यावर’मध्ये त्याहून निराळे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत एवढ्याशा रेघेचा फरक. आपणांस हे सारे नकळत साधले, म्हणून त्यातील अवघडपण आपण विसरलो. त्यात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी आले, जेथे एकच अक्षर दहा ठिकाणी दहा आवाज काढते. डोळ्याला दिसलेली खूण आणि कानाला ऐकू येणारा ध्वनी यांची सांगड ज्या मुलाच्या मेंदूत सावकाश बसते, त्याची काय अवस्था होत असेल याचा विचार करावा. आळस निराळा आणि हे निराळे.

यावर दोन प्रकारचे उपाय आहेत आणि दोन्ही बरोबरीने चालवावे लागतात. पहिला आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी आणि तोंडाने म्हणे. डोळा, कान, जीभ व बोट ही चारही एकाच वेळी कामास लागत. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी अशा मुलांसाठी जी शिक्षणपद्धती उभी केली, तिचेही मर्म हेच आहे. घरी परातीत रवा किंवा वाळू पसरावी, रोज दोनच अक्षरे घ्यावीत, घाई करू नये. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

दुसरा उपाय आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात आहे. हल्लीच्या साध्या स्मार्टफोनमध्ये पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय असते. पाठाचे छायाचित्र घेतले तर त्यातील अक्षरे ओळखून फोन ती वाचतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलाने पुस्तक पुढे ठेवावे, फोन वाचीत जाईल तसे बोट ओळीवरून फिरवावे, न कळले तर पुन्हा ऐकावे. फोन कंटाळत नाही आणि रागावत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने हा मोठाच गुण म्हणावा लागेल! लिहिण्यासाठी बोलून टंकलेखन करण्याची सोय आहे. मराठीत ती गूगलने २०१७ साली उपलब्ध करून दिली. ज्यांची दृष्टीच अधू आहे किंवा नाही, त्यांच्यासाठी संगणकावर ‘एनव्हीडीए’ नावाची विनामूल्य आज्ञावली आहे. मायकेल करन व जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ साली तिचा आरंभ केला, आणि ती मराठी वाचते. २०१६ साली केंद्र शासनाने छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही उघडले आहे.

आमच्याकडे संध्याकाळी काही मुले येऊन बसतात. त्यांतील सातवीच्या एकास ‘माझे गाव’ हा निबंध लिहावयाचा होता. वहीत तीन ओळी आणि नऊ खाडाखोडी. फोनपुढे बोलू लागला तेव्हा पेंच नदी, संत्र्याचे बगीचे, धरणावरची मासेमारी असे दीड पान झाले. मात्र ‘मले’, ‘तुले’, ‘पायजे’ असे तो आपल्या बोलीत बोलला की यंत्र भलतेच शब्द उमटवी. ते पाहून तो इतका हसला की आम्हीही हसलो. मग त्यानेच पुन्हा बोलून आणि अक्षरे तपासून चुका दुरुस्त केल्या. दुरुस्त करण्यासाठी त्यास वाचावे लागले, आणि आपण स्वतः बोललेले वाक्य असल्यामुळे ते वाचता आले. आमच्या मते या साधनाचा खरा उपयोग तेथे आहे.

फोन हाती दिला की मुले खेळ खेळत बसतील, ही शंका रास्त आहे. म्हणून फोन वडीलधाऱ्यांसमक्ष आणि नेमल्या वेळीच द्यावा. पेंच जंगलाच्या अंगाच्या गावांत संपर्कच मिळत नाही, हीही अडचण खरी. पण मराठी आवाज एकदा उतरवून घेतला तर वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा संपर्कावाचूनही होते. फोन दिला म्हणजे अक्षर शिकविणे थांबले, असे मात्र कोणी समजू नये. चष्मा लावणाऱ्यास आपण आळशी म्हणत नाही. तद्वत् कानाने वाचणाऱ्यासही म्हणू नये, एवढेच.

आता थोडे अवघड बोलतो. १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. देशात असे करणारे हे पहिले राज्य. केंद्राच्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात मात्र सातच प्रकार होते आणि त्यांत ही मुले नव्हती. २०१६ च्या नव्या कायद्याने प्रकार एकवीस केले, तेव्हा त्यांना देशभर नाव मिळाले. जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सोयी त्यांना मिळू शकतात. परंतु त्यासाठी तपासणी व प्रमाणपत्र लागते. तपासणीस नागपूर गाठावे लागते, एका खेपेत काम होत नाही, रोज बुडतो. हे सर्व मान्य. तथापि आमच्या अनुभवात खरा अडसर तो नव्हेच. ‘कागदावर आले तर पुढे सोयरीक कशी जुळेल?’ हा प्रश्न आम्हांस बापांनी विचारला आहे, आईंनी विचारला आहे. मुलगा असेल तर नववीतून काढून दुकानात बसवितात. मुलगी असेल तर कोणी विचारीतही नाही. तिला वाचता येत नव्हते हे सासरी कळते. ज्या स्मरणिकेत आपण उपवर मुलामुलींची यादी छापतो, तिच्याच पानावर आम्ही हे म्हणत आहोत. सोयरिकीची भीती या मंडळानेच घालविली पाहिजे. दुसरे कोण घालविणार?

म्हणून कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. पारितोषिक निधीतील एक हिस्सा अशा मुलांच्या नागपूरच्या खेपांसाठी राखून ठेवावा आणि नाव जाहीर न करता द्यावा. पुढील वर्षी सत्कारात, फोनच्या साहाय्याने का होईना, वर्षभरात दहा पुस्तके पुरी करणाऱ्या मुलास गुणपत्रिका न विचारता स्थान द्यावे. तिसरी सूचना या स्मरणिकेविषयी आहे. जुन्या संगणकीय टंकांत जुळविलेला मराठी मजकूर पडद्यावर नीट दिसतो, पण वाचणाऱ्या यंत्रास तो निरर्थक खुणांसारखा वाटतो. पुढील अंक युनिकोडमध्ये जुळवावा आणि त्याची प्रत फोनवरही पाठवावी, म्हणजे ज्यास पाने वाचता येत नाहीत तोही आपल्या ज्ञातीचा वृत्तान्त ऐकू शकेल.

ज्यांना फोनमधील ही सोय सुरू करून घ्यावयाची असेल त्यांनी भोजनानंतर मंडपाच्या डाव्या बाजूस यावे. आमचे दोन माजी विद्यार्थी तेथे बसणार आहेत. मुलास बरोबर आणावे, आणि फोनला चार्जिंग असू द्यावे.