आवडते पुस्तक आणि त्याचे कारण

भालकी, औराद, हुमनाबाद, बीदर, आळंद, अफजलपूर अशा गावागावांतून आज बसवकल्याणला आलेल्या वाचक बंधू-भगिनींनो,

सीमाभागातल्या संमेलनाच्या अध्यक्षाने शाळांवर बोलावे, सीमाप्रश्नावर बोलावे, भाषेच्या भवितव्यावर बोलावे अशी अपेक्षा असते. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर आज ठराव होतीलच. मी मात्र वेगळा विषय घेतला आहे: आपल्याला आवडलेली पुस्तके, आणि ती का आवडली. हा विषय दिसायला लहान आहे. पण आपल्या भागात मराठी वाचन टिकले ते माणसांनी एकमेकांना पुस्तके सांगितली म्हणून, आणि सांगताना कारणही सांगितले म्हणून, असे माझे ठाम मत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याबरोबर गेले. भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. सोयरिकी दोन्हीकडे तशाच राहिल्या, बाजारही तसेच राहिले. पुस्तकांची वाट मात्र लांबली. मराठी पुस्तक हवे तर लातूर, उदगीर किंवा सोलापूर गाठायचे. २०२२ साली उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्यातले अनेक जण तिथे गेले, ते भाषणांइतकेच ग्रंथप्रदर्शनासाठी गेले. आपली मुले बहुतेक कन्नड माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, आणि देवनागरी त्यांना ओळखीची होते ती हिंदीच्या तासाला. अशा मुलाच्या हाती मराठी पुस्तक आपोआप येत नाही. कुणीतरी ते त्याच्या हाती द्यावे लागते.

आता पुस्तकांकडे वळतो. आपल्या भागातल्या मराठी घरांत सर्वांत जास्त वाचले गेलेले पुस्तक कोणते, असे मला कुणी विचारले तर मी ‘गुरुचरित्र’ हेच उत्तर देईन. ज्या गुरूंचे हे चरित्र, त्यांचे भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरचे गाणगापूर अफजलपूर तालुक्यातले. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे, असे परंपरेने मानले जाते. ज्या कडगंचीत आज कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ उभे आहे, तीच ही कडगंची. आपल्याला मराठी भाषा येत नाही, असे हा कवी ग्रंथाच्या आरंभीच नम्रपणे सांगतो. त्याच्या घरची भाषा कन्नड होती असे अभ्यासकांचे मत आहे, आणि ग्रंथात कन्नड पदेही आहेत. दत्तजयंतीच्या सप्ताहात पुण्या-मुंबईचा वाचक ती पदे अर्थ न कळता भक्तीने म्हणतो. आपल्याकडची आजी त्या ओळींवर आली की तिचा आवाज बदलतो, कारण तिला त्या समजतात. मराठीतल्या एका महाग्रंथाचा हा भाग पूर्णपणे उघडतो तो आपल्यासारख्या दुभाषिक वाचकापुढे. याचा अभिमान आपण फार कमी वेळा बोलून दाखवला आहे.

या ग्रंथाच्या वाचकांना विचारून पाहा, प्रत्येकाचा एक आवडता अध्याय असतो. संकटात असलेला माणूस चौदावा वाचतो. त्यात सायंदेवाला एका क्रूर यवन अधिकाऱ्याकडे जावे लागते, तिथून जिवंत परतण्याची आशा नसते, आणि गुरूंच्या अभयाने तोच अधिकारी पश्चात्ताप पावून वस्त्रे देऊन त्याला परत पाठवतो. सरस्वती गंगाधर हे या सायंदेवाच्याच वंशातले. म्हणजे कवी आपल्या घरातली, पूर्वजांच्या तोंडून आलेली गोष्ट सांगतो आहे, आणि म्हणूनच त्या अध्यायातली भीती इतकी खरी वाटते. ओढगस्तीच्या घरात अठरावा वाचतात. गरिबाच्या दारातला घेवड्याचा वेल, ज्याच्या शेंगांवर त्या घराचे पोट चालते, तो गुरू उपटून टाकतात. घरची बाई रडते. मग मूळ खणताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बायकोला हा अध्याय का आवडतो, हे मला समीक्षेच्या पुस्तकात शोधावे लागत नाही. वेल उपटल्यावर तिच्या पोटात जे तुटते, ते तिने स्वतःच्या रानात भोगलेले असते.

अनेक घरांत बायकांनी ही पोथी वाचू नये असा दंडक होता, काही ठिकाणी अजून आहे. मला तो मान्य नाही. पण त्या दंडकाखालीही आपल्या आया-आज्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड बसून अध्यायच्या अध्याय ऐकून पाठ केले. वाचायला बंदी असलेल्या माणसाने एखादे पुस्तक पाठ करावे, याहून आवड कशाला म्हणायची?

याच ग्रंथाच्या पन्नासाव्या अध्यायात आपले बीदर येते. तिथला राजा पूर्वजन्मीचा रजक, गुरूंचा भक्त. त्याला मांडीवर फोड उठतो, तो गाणगापूरला येतो, बरा होतो आणि गुरूंना सन्मानाने आपल्या नगरात नेतो. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’तही बीदरचा बादशहा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली, आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने बीदरच्या दरबारात येऊन त्या धान्याचे पैसे चुकते केले, ही कथा कीर्तनात ऐकली नाही असा माणूस या सभागृहात नसेल. मराठीतल्या दोन लोकप्रिय पोथ्यांत आपले शहर आहे. आणि त्यातला मुसलमान राजा एका ठिकाणी पूर्वजन्मीचा भक्त आहे, दुसऱ्या ठिकाणी देवाच्या दर्शनाने थक्क झालेला माणूस आहे. चौदाव्या अध्यायातला क्रूर अधिकारीसुद्धा शेवटी बदलतो. आपल्या भागातल्या वाचकाने शतकानुशतके या कथा मनाशी धरल्या. शेजाऱ्याबद्दल असे ऐकावेसे वाटणे ही आपल्या वाचकाची अभिरुची आहे, आणि ती आज जपायला हवी.

आपल्या या कल्याणचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, ग्रंथांवरचा हक्क तर याहून जुना आहे. इथेच विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, इथेच बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्या ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे तिच्या सुमारे दीडशे वर्षे आधी ओवीची दखल घेतली गेली ती आपल्या गावी. त्याच बाराव्या शतकात याच कल्याणात बसवण्णांच्या भोवती शरण म्हणवणारे शिवभक्त जमले आणि कन्नड वचने बहरली. पुढे बीदरच्या बहामनी घराण्यातले मानले जाणारे मृत्युंजय, म्हणजे शहा मुंतोजी, कल्याणच्या सहजानंदांचे शिष्य झाले आणि त्यांनी मराठीत ‘सिद्धसंकेतप्रबंध’ लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात अशा कवींची ओळख मराठी वाचकाला करून दिली. ढेऱ्यांचे ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ हे पुस्तक मी दरवर्षी कुणाला ना कुणाला सुचवतो. पंढरीच्या देवाचा माग काढत हा लेखक आंध्र-कर्नाटकात शिरतो, कन्नड आणि मराठी दोन्ही साधने समोर ठेवतो, आणि देव कुणाचा या भांडणाला समन्वयाचे उत्तर देतो. आषाढीला आपल्या गावांतून निघणाऱ्या दिंडीत मराठी अभंग म्हणणारा वारकरी घरी कन्नड बोलतो, हे आपण पाहिलेले आहे. त्या पाहण्याला या पुस्तकाने अभ्यासाचा आधार दिला.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला आपल्या भागाचा उल्लेख असलेलीच पुस्तके आवडतात. तसे नाही. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. त्यात कोकण आहे, नारळ आहेत, समुद्र आहे. औरादच्या काळ्या रानात वाढलेल्या मुलीने यातले काही पाहिलेले नसते, तरी ती रडते. माझ्या मते त्याचे एक कारण पुस्तकाच्या रचनेत आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. ते पुस्तक मुळात सांगितलेले आहे, म्हणून मोठ्याने वाचले की ते कानात शिरते. ज्या मुलाची मराठी कानाची आहे, डोळ्यांची नाही, त्याला पहिले मराठी पुस्तक द्यायचे तर ते असे, ऐकता येईल असे द्यावे. शिक्षक म्हणून शाळेत मी हेच करत आलो. वाक्ये छोटी, बोलण्यातली, आणि एका बैठकीत एक रात्र पुरी.

दुसरे टोक शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’. १९८४ साली आले. लेखक हन्नूरचा, अक्कलकोट तालुक्यातला, म्हणजे आळंद-अफजलपूरचा शेजारी. आई महार, जन्मदाता लिंगायत पाटील, आणि ज्याच्या मायेच्या छायेत बालपण गेले तो आजीबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा मुसलमान. मग मी कोण, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या पानापानावर आहे. ही आत्मकथा मी आमच्या भागातल्या तरुणांना वाचायला दिली तेव्हा काहींनी ती अर्धवट परत केली. घरात ठेवता येणार नाही, असे म्हणाले. काहींनी रात्रीत संपवली. एकाने सांगितले, “सर, यातली भूक मला माहीत आहे, पण ती लिहिता येते हे माहीत नव्हते.” आवडीचे याहून नेमके कारण मी ऐकलेले नाही. या पुस्तकात आपल्याच भागातले पाटील आहेत, आपलेच एसटी स्टँड आहे, आपलीच वेस आहे. समन्वयाचा गौरव करताना या वेशीबाहेर कोण राहत होते, हे विसरून चालणार नाही. गुरुचरित्र आणि अक्करमाशी ही दोन्ही पुस्तके एका फळीवर ठेवण्याचे धैर्य आपल्या वाचनालयांनी दाखवावे. दोन्ही आपल्याच मातीतून आलेली आहेत आणि एकमेकांना प्रश्न विचारतात.

सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्रही सुचवतो. पगडी १९१०चे, निलंग्याचे, जे तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. उर्दू, फारसी, कन्नड, तेलुगू, एवढेच काय गोंडीसुद्धा शिकलेला हा माणूस. निजामी राज्यातली कचेरी आतून कशी चाले, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी ते जरूर मिळवावे.

आणि उमा कुलकर्णी यांचे अनुवाद. कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘पर्व’ तर मराठी घरांत मराठी कादंबरीसारखीच वाचली गेली. त्यांच्या कामाची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड पुस्तक मोठ्याने वाचत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवत. नवराबायकोच्या या ऐकण्या-वाचण्यातून कन्नडचे इतके मोठे दालन मराठीला मिळाले. आपल्या घराघरांत हे साधन आहे. आजोबांना मराठी लिहिता-वाचता येते, नातीला कन्नड लिपी येते, दोघांना दोन्ही भाषा समजतात. ती दोघे समोरासमोर बसत नाहीत, एवढेच काय ते अडते.

आपण पुस्तकाविषयी बोलतो तेव्हा बहुतेक वेळा “छान आहे, जरूर वाचा” एवढे म्हणून थांबतो. एवढ्यावर कुणी पुस्तक वाचत नाही. लेखकाच्या पुरस्कारांची यादी ऐकूनही वाचत नाही. ‘या पानावर मी थांबलो, कारण माझ्या बापाचे कर्ज मला आठवले’ असे कुणी म्हणाले, तर ऐकणारा पुस्तकाचे नाव लिहून घेतो. अशी सांगितलेली पुस्तकेच टिकतात. बीदरला बहामनी वजीर महमूद गवानाने १४७२मध्ये मदरसा बांधला, तिथे तीन हजार हस्तलिखितांचा संग्रह होता असे सांगतात. पुढे मोगल काळात दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग उडाला. ती ग्रंथसंपदा आज तिथे नाही. त्याच मुलखात उंबऱ्याआड ऐकलेले अध्याय मात्र आजही तोंडपाठ आहेत. ग्रंथालये हवीतच, त्यांच्यासाठी आपण सरकारकडे, दोन्ही सरकारांकडे, मागणी करत राहू. पण ग्रंथालय येईपर्यंत वाचकांनी गप्प बसायचे कारण नाही.

म्हणून मित्रहो, माझी विनंती अशी. दुपारच्या सत्रात भाषणे कमी करून ध्वनिक्षेपक श्रोत्यांकडे द्यावा. प्रत्येकाने एकच पुस्तक सांगावे, मराठी असो वा कन्नड, आणि ते का आवडले याचे एक खरे कारण सांगावे. भगिनींनी आधी बोलावे, कारण आपल्याकडे त्यांना सर्वांत कमी विचारले गेले आहे. लग्नात, बारशात पुस्तक द्याल तेव्हा पहिल्या पानावर नुसते ‘सप्रेम भेट’ लिहू नका, ते पुस्तक तुम्हाला का आवडले हेही दोन ओळींत लिहा. कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलाला रोज रात्री चार पाने वाचून दाखवा, आणि त्याच्या पाठ्यपुस्तकातली आवडती कन्नड गोष्ट त्याच्याकडून ऐका. पुढच्या वर्षी इथे याल तेव्हा आपल्याबरोबर असा एक नवा वाचक घेऊन या, ज्याच्या हाती पहिले मराठी पुस्तक तुम्ही दिले आहे.