कारभाराच्या शब्दांची घडण
(वैभववाडी येथे मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यानिमित्त शासकीय कर्मचाऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



राज्यकारभारासाठी शब्द घडविणे महाराष्ट्राला नवे नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यस्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय निर्माण झाले, आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा ठरली. कोश शब्द पुरवितात; परंतु शब्दाच्या घडणीत शासन आणि नागरिक यांचे नातेही ठरत असते. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

‘लोकशाही’ हा शब्द पाहा. निजामशाही, आदिलशाही या नावांतील ‘शाही’ हा फारसी अंश मराठीने ‘लोक’ या संस्कृत शब्दाला जोडला आणि सुलतानाच्या जागी जनतेला बसविले. पुढे त्याच साच्यातून हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही हे शब्द निघाले. पहिले पद बदलले की सत्तेचा धनी बदलतो, हे निरक्षर माणसालाही उमगते. ही घडण यशस्वी झाली ती त्यामुळेच.

आता शेवटच्या पदाकडे वळू. तत्पुरुष समासात तेच प्रधान असते. अरुणा मध्यम प्रकल्पामुळे ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द या तालुक्यात घरोघरी पोहोचला आहे. ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या पंक्तीला हा शब्द बसला खरा. पण पूर निसर्ग आणतो आणि प्रकल्प शासन उभारते, हा भेद समासात लोपतो. तरीही हाच शब्द दाखल्यावर आला की पुनर्वसनाचा आणि शासकीय सेवेतील राखीव जागांचा आधार बनतो. दुःखाचे नाव असे हक्काचे नाव होते.

याउलट ‘लाभार्थी’. विद्यार्थी विद्या इच्छितो, तसा लाभार्थी लाभ इच्छितो. जे कायद्याने देय आहे, ते मागणाऱ्याला या शब्दात याचकाची छटा येते. २०१५ च्या अधिनियमाने मात्र ‘लोकसेवा हक्क’ असा समास घडविला; तेथे शेवटचे पद ‘हक्क’ आहे, आणि सेवा मुदतीत देणे हे अधिकाऱ्यावर बंधन आहे.

२०२४ मध्ये ‘ग्रामसेवक’ या पदनामाच्या जागी ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आले. पदाची प्रतिष्ठा वाढली, हे योग्यच झाले. शब्दातून ‘सेवक’ गेला तरी वर्तनातून सेवा जाऊ नये, एवढी दक्षता आपण घ्यावयाची आहे.

म्हणून विनंती एकच. सूचना फलकावर लावण्यापूर्वी तिच्यातील जोडशब्द सोडवून पाहावेत. ‘भूसंपादन’ लिहिताना जमीन कोण घेणार, कोणाची घेणार आणि मोबदला केव्हा देणार, ही वाक्ये त्याखाली साध्या मराठीत लिहावीत. ज्याची जमीन जाणार आहे, त्याला ती वाचण्यासाठी कोणाचा आधार घ्यावा लागू नये.